माझ्या सासऱ्यांची रेषा

माझे सासरे निवृत्त झाले तेव्हा कार्यालयानं त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते परत पाठवलं. सोबत चिठ्ठी जोडली की, बाराचा आकडा मध्यापासून दोन मिलिमीटर डावीकडे आहे, तरी कृपया बदलून मिळावं. कार्यालयानं बदलून दिलं नाही आणि सासऱ्यांनी परत मागितलं नाही. हे एवढ्यासाठी सांगते की, ज्या माणसाच्या कामात पुढे चूक काढली गेली तो माणूस कसा होता हे आधीच कळलेलं बरं.

आमचं गाव उत्तरेच्या टोकाला आहे. बसचा शेवटचा थांबा गावाच्या पुढे अकरा किलोमीटरवर, तिथे रस्ता संपतो. पुढे जंगल. ते चढावर विरळ होत जातं, झाडं बुटकी होतात, मग कमरेएवढी, मग गुडघ्याएवढी, आणि मग नुसता माळ. शेवाळ, दगड आणि वारा. जंगल जिथे संपतं तिथे जमिनीवर काही आखलेलं नसतं, पण नकाशावर हिरवी तुटक रेषा असते. ही रेषा माझ्या सासऱ्यांनी छत्तीस वर्षांपूर्वी दोन उन्हाळे पायी हिंडून काढली. शेवटच्या झाडापाशी पिवळा रंग दिलेला, नंबर टाकलेला लोखंडी खुंट ठोकायचा, मग पुढच्या शेवटच्या झाडाकडे जायचं. असे एक्केचाळीस खुंट. झाड कशाला म्हणायचं याचाही नियम होता. उभी उंची दोन मीटर किंवा जास्त असेल तर झाड, कमी असेल तर झुडूप. एक मीटर नव्व्याण्णवला सासऱ्यांनी कधी झाड म्हटलं नाही. त्यामुळे गावात त्यांचं नावच दोनमीटर पडलं. आधी पाठीमागे म्हणायचे, पुढे तोंडावर म्हणायला लागले, आणि शेवटी टपालही त्याच नावानं यायला लागलं.

रेषेच्या दक्षिणेला वन विभागाची सत्ता, उत्तरेला माळरान विभागाची. दोन्ही विभाग एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, आणि पाणी उकळायची किटली दोघांत एक. मी वन विभागात मोजणीदार आहे. सासरे बसायचे त्याच खुर्चीत बसते, ती अजून त्यांच्या बाजूला कललेली आहे. लग्नाच्या आधी दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते. त्यांनी घरी जाऊन मुलाला सांगितलं की, एक मुलगी आहे, टेप ताणून धरते. त्यांच्या मते आमचं लग्न या शिफारशीवर ठरलं. माझा नवरा बस चालवतो, आणि त्यानं मला त्याआधीच वर्षभर रोज आरशातून पाहिलं होतं, हे त्यानं वडिलांना अजून सांगितलेलं नाही.

गेल्या वसंतात आमच्याकडे नवे साहेब आले. दक्षिणेकडच्या मोठ्या शहरातले. माणूस सज्जन, टापटिपीचा, धुळीनं शिंका यायच्या म्हणून खिशात कायम तीन रुमाल. त्यांनी आल्या आल्या उपग्रहाचे ताजे फोटो मागवले आणि आपला नकाशा त्यावर ठेवून पाहिला. सासऱ्यांच्या रेषेच्या उत्तरेला, कुठे दोनशे तर कुठे चारशे मीटरपर्यंत, झाडंच झाडं दिसत होती. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. झाडांना पाय नसतात. म्हणजे झाडं होती तिथेच होती, आणि ज्याला पाय होते तो माणूस तिथपर्यंत गेला नाही. त्यांनी अहवालाचं शीर्षकही टाईप करून घेतलं: मूळ मोजणीतील गंभीर चूक. खाली पानं कोरी होती. ती भरायला मी वर जाऊन पुरावा आणायचा होता.

हे मला सांगताना त्यांनी आवाज इतका मऊ केला होता की, दात काढायच्या आधी डॉक्टर बोलतात तसं वाटलं. मी कोणाची सून आहे हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्या कुणाला पाठवा असं मी म्हणणार होते, पण दुसरं होतं कोण? आमच्या विभागात मी, टंकलेखक आणि एक कायम रजेवर असलेले गृहस्थ, एवढेच.

बातमी किटलीपाशी पोचायला वेळ लागला नाही. माळरान विभागाच्या प्रमुख बाई, अंगानं धिप्पाड आणि कायद्याला पक्क्या, लगेच माझ्या टेबलाशी आल्या. त्यांच्या मते रेषा शंभर टक्के बरोबर होती. रेषा बरोबर आणि झाडं रेषेच्या पलीकडे, याचा अर्थ एकच, झाडांनी अतिक्रमण केलंय. त्यांच्याकडे त्यासाठी छापील नोटीस होती. अतिक्रमण करणाऱ्याच्या नावाच्या जागी त्यांनी ‘अज्ञात झाडे’ असं लिहिलं होतं आणि सात दिवसांत जागा खाली करायला सांगितलं होतं. नोटीस संबंधिताला प्रत्यक्ष चिकटवावी लागते, आणि मी वर जाणारच आहे, तर एवढं काम करशील का, असं त्यांनी विचारलं. पन्नास नोटिसांचा गठ्ठा माझ्या हातात आला. वर सुतळीचं एक बंडलही, कारण झाडावर गोंद धरत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

घरी मी मूग गिळून गप्प बसले. म्हटलं, आधी वर जाऊन पाहावं, मग सांगावं. पण दुसऱ्या दिवशी सासरे केस कापायला गेले, आणि न्हाव्याला सगळं माझ्या आधी कळलेलं होतं. न्हाव्यानं कात्री चालवता चालवता सहज विचारलं की, काका, तुमची रेषा म्हणे चुकली. सासरे तसेच खुर्चीतून उठले आणि घरी आले. डाव्या बाजूचे केस कापलेले, उजव्या बाजूचे तसेच, आणि गळ्यात न्हाव्याचं फडकं. त्या अवतारात ते जेवायच्या टेबलाशी बसले आणि मुलाला म्हणाले, “तुझ्या बायकोला विचार, किती मीटर?”

मी समोरच बसले होते, हातभर अंतरावर. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दोनशे ते चारशे. नवऱ्यानं वडिलांकडे वळून सांगितलं, दोनशे ते चारशे. सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला आणि उठून गेले. त्या दिवसापासून माझ्याशी थेट बोलणं बंद. मीठ हवं असलं तरी मुलामार्फत. मुलगा कामावर असेल तर अळणी जेवायचे. उरलेले केसही कापून घेईनात. न्हाव्यानं दोनदा निरोप पाठवला, धंद्याची अब्रू जातेय म्हणून. पण ज्या खुर्चीत ते ऐकावं लागलं त्या खुर्चीत पुन्हा बसणार नाही, असा त्यांचा हट्ट.

माझी अवस्था अशी की, धड सून नाही, धड मोजणीदार नाही. रात्रंदिवस मनात तेच. रेषा चुकली असेल तर मी ते लिहायचं, आणि ज्यांनी मला लिहायला शिकवलं त्यांच्याविरुद्ध लिहायचं. नाही चुकली असेल तर झाडं गेली कशी?

चौथ्या दिवशी मी वर जायला निघाले. जीप गॅरेजमध्ये होती म्हणून नवऱ्याचीच बस. सासरे आधीच पहिल्या बाकावर बसले होते. डोक्यावर लोकरीची टोपी, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत त्यांच्या जुन्या निळ्या वह्या. त्यांनी पुढे वाकून मुलाला सांगितलं की, तिला सांग, मीही येतोय. मी मागून सांगितलं की, त्यांना सांग, सरकारी कामावर बाहेरच्या माणसाला नेता येत नाही. त्यावर तिकडून निरोप आला की, माळावर फिरायला कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही. शेवटी नवऱ्यानं बस कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मागे न बघता म्हणाला, “तुम्ही दोघं आपापसात काय ते बोला. मला रस्ता बघायचा असतो.” बसमधल्या सात प्रवाशांनी माना डोलावल्या. तरी आम्ही शेवटच्या थांब्यापर्यंत एकमेकांशी बोललो नाही.

वर चढताना सासरे पुढे, मी मागे. वय चौऱ्याहत्तर, पण पाय असे टाकत होते की, जणू प्रत्येक पाऊल कुणीतरी मोजणार आहे. खुंट नंबर बारा सापडला. वहीत लिहिलं होतं, शेवटचं झाड, पुढे उघडा माळ. आता पुढे माळ नव्हता. डोक्याच्या वर जाणारी, काळपट हिरवी, सुयांसारख्या पानांची झाडं दाटीनं उभी होती. सासरे त्यांच्याकडे पाहत राहिले आणि पुढे निघाले. तेरा, चौदा, पंधरा, सोळा. प्रत्येक ठिकाणी तेच. खुंट सावलीत, आणि झाडं पार पलीकडे.

सतरा नंबर सापडेना. वहीप्रमाणे तिथून एक दुभंगलेला खडक आणि त्याच्या उजवीकडे तळं दिसायला हवं होतं. सासरे उभे राहिले आणि पाहायला लागले. इकडे झाड, तिकडे झाड. चार पावलं चालले, पुन्हा थांबले. एक फेरी मारून पुन्हा होते तिथेच आले. माझ्या हातात जीपीएस होतं, पण छत्तीस वर्षांपूर्वीची मापं त्यात पंचवीस-तीस मीटरनं हुकतात. आणि मला ते यंत्र त्या क्षणी त्यांच्यासमोर काढायचं नव्हतं. एरवी या चढावर त्यांना डोळे बांधून सोडलं असतं तरी ते घरी पोचले असते. आता त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं, आणि त्या अर्ध्या कापलेल्या केसांनिशी ते तसेच उभे राहिले. रस्ता चुकलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिला होता. त्यांचा तसा चेहरा पहिल्यांदाच पाहिला.

खुंट मलाच सापडला, तोही पायाला लागून. चांगल्या चार मीटर उंच झाडाच्या बुडाशी तो तिरका टेकला होता आणि वर शेवाळ चढलं होतं. आता पुरावा काढायचा म्हणजे गिरमिट. झाडाचं वय काढायला आमच्याकडे पोकळ गिरमिट असतं. ते खोडात फिरवत आत घालायचं आणि ओढून काढलं की पेन्सिलीसारखी लाकडाची बारीक कांडी बाहेर येते. तिच्यावरची वलयं मोजायची, दर वर्षाला एक. झाड छत्तीस वर्षांपेक्षा लहान निघालं तर सासरे सुटले, मोठं निघालं तर संपलंच.

मी बुंध्याशी वाकून गिरमिट फिरवलं. कांडी बाहेर आली तशी सासऱ्यांनी माझ्या हातातून घेतली. खिशातून भिंग आणि टाचणी काढली आणि खाली बसून मोजायला लागले. एकशे बारा. पुन्हा मोजलं, एकशे तेरा. तिसऱ्यांदा, एकशे बारा. त्यांच्या हातून एकाच गोष्टीची दोन वेगळी मापं आलेली मी तरी कधी पाहिली नव्हती.

त्यांनी टाचणी खिशाच्या कडेला खोचून ठेवली. मग चार दिवसांत पहिल्यांदा थेट माझ्याकडे पाहून म्हणाले, “लिही. सतरा नंबर. झाड होतं. मला दिसलं नाही.”

मला खूप काही बोलायचं होतं. भिंग जुनं आहे, उजेड कमी आहे, आपण उद्या येऊ. पण मी लिहिलं, कारण लिहिलं नसतं तर त्यांनी वही मागून पाहिली असती.

जेवायची वेळ झाली होती. पाव आणि उकडलेली अंडी मी काढून ठेवली. ते घेईनात. मी त्या झाडाच्या शेजारी टेकायला म्हणून शेवाळात हात रोवला, तर हाताला लाकूड लागलं. जाड, मांडीएवढं, आणि आडवं. मी शेवाळ बाजूला केलं. आणखी लाकूड. मग मी अंडं तसंच ठेवून गुडघ्यांवर रांगायला लागले आणि दोन्ही हातांनी शेवाळ उपसत पुढे गेले. सासऱ्यांनी विचारलं की, काही पडलं का. मी म्हटलं, काही पडलं नाही बाबा, हेच पडलेलं आहे.

ते झाड जमिनीवर निजलेलं होतं. साडेतीन मीटर आडवं, शेवाळाखालून, अजगरासारखं. आणि मग एकदम वळून सरळ वर गेलेलं. मी गिरमिट मारलं होतं ते वळणाच्या खाली, म्हणजे निजलेल्या भागात. एकशे बारा वर्षं झाली होती ती निजायला लागून. उभं किती वर्षं होतं ते वर मोजायला हवं होतं.

सासरे आता माझ्या शेजारी गुडघ्यांवर आले होते आणि त्या वळणावरून हात फिरवत होते. मग झटक्यात उठले आणि आपला स्वतःचा टेप काढला. जमिनीपासून बरोबर दोन मीटर मोजून खोडावर नखानं खूण केली. इथे मार, म्हणाले. मी दगडावर चढून गिरमिट फिरवलं. कांडी आली. त्यांनी मोजलं. एकोणीस. पुन्हा एकोणीस. तिसऱ्यांदाही एकोणीस.

म्हणजे त्या झाडानं दोन मीटरची उंची गाठली एकोणीस वर्षांपूर्वी. सासऱ्यांनी खुंट ठोकला त्यानंतर तब्बल सतरा वर्षांनी.

त्यांनी पिशवीतून वही काढली आणि थुंकी लावून पानं उलटली. सतरा नंबरखाली शिसपेन्सिलीत लिहिलं होतं: खुंट ठोकला. उत्तरेला गुडघाभर झुडपाची गादी, दाट. तिथे जेवण केलं. बसायला मऊ. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि त्यांचे कान लाल झाले.

“मी याच्यावर बसलो होतो,” ते म्हणाले. मग वर्षांचा हिशेब करून म्हणाले, “हे तेव्हा शहात्तर वर्षांचं होतं. मी अडतीसचा. आणि मी याच्यावर बसून जेवलो.”

ते इतकी वर्षं निजून का राहिलं आणि उठलं कशाला, हे त्यांनी मला विचारलं. मला माहीत होतं ते मी सांगितलं. इथल्या वाऱ्यात बर्फाचे कण असतात, हिवाळ्यात जे काही बर्फाच्या थराच्या वर डोकं काढेल ते तो वारा खरवडून मारतो. म्हणून झाड बर्फाखाली अंग चोरून पडून राहतं. दर वर्षी एखादा कोंब वर पाठवतं आणि दर वर्षी तो मरतो. मग गेल्या तीसेक वर्षांत हिवाळे मऊ झाले, उन्हाळे लांबले. एका वर्षी कोंब मेला नाही. पुढच्या वर्षीही मेला नाही. सासऱ्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि मग दोन अंडी खाल्ली. नंतर माझ्या वाटणीचंही खाल्लं.

त्या दिवशी आम्ही आणखी अकरा झाडांच्या कांड्या काढल्या. काही अशीच झोपेतून उठलेली होती, काही खरोखरच नव्या बियांची, वीस-बावीस वर्षांची पोरं. आकडे लिहायला कागद कमी पडले म्हणून मी बाईंच्या नोटिसा काढल्या. सासऱ्यांनी एक वाचली आणि त्यांना ते पटलं नाही. अतिक्रमणाची नोटीस बाहेरून आलेल्याला देतात, म्हणाले, आणि हे झाड तर दोन्ही विभागांच्या आधीपासून इथे आहे. मग आम्ही नोटिसांच्या पाठकोऱ्या बाजूला वलयांचे आकडे लिहिले. परतताना त्यांनी वाटेत न्हाव्याकडे थांबून डोक्याची उजवी बाजू पुरी करून घेतली. न्हाव्यानं पैसे घेतले नाहीत, उलट खिडकी बंद करून घेतली, कुणी पाहू नये म्हणून.

आठवड्यानं बैठक झाली. साहेब, बाई, मी, टिपणं घ्यायला टंकलेखक, आणि साक्षीदार म्हणून माझे सासरे, कोट घालून. मी कांड्या मांडल्या, आकडे वाचले. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. ते हट्टी नव्हते, पण त्यांना तर्क सुटत नसे. ते म्हणाले, झोपलेला माणूस माणूसच असतो, मग झोपलेलं झाड झाडच. एकशे बारा वर्षांपासून ते तिथे आहे, साडेतीन मीटर आहे, मग छत्तीस वर्षांपूर्वी नकाशावर का नाही?

सासरे म्हणाले, नियमात उंची लिहिलीय, लांबी नाही.

साहेब म्हणाले, आडवं झाल्यानं उंची बदलत नाही. माझी उंची एकशे चौऱ्याहत्तर. समजा मी आडवा झालो, तर मी एकशे चौऱ्याहत्तरच राहीन.

“व्हा,” सासरे म्हणाले.

मला वाटलं साहेब हसून विषय बदलतील. पण त्यांना स्वतःच्या तर्काची खात्री होती आणि खात्री असलेला माणूस मागे हटत नाही. त्यांनी बूट काढले, रुमालानं टेबल पुसलं, टाय सरळ केला आणि बैठकीच्या टेबलावर उताणे झोपले. सासऱ्यांनी टेप काढला. एक टोक टेबलाच्या फळीवर टेकवलं आणि टेप सरळ उभा वर नेला, साहेबांच्या पोटाच्या सर्वांत उंच जागेपर्यंत. श्वास सोडा, म्हणाले. साहेबांनी सोडला.

“चोवीस सेंटिमीटर,” सासऱ्यांनी टंकलेखकाला सांगितलं. “झुडूप.”

टंकलेखकानं ते लिहून घेतलं. ते टिपण आजही फायलीत आहे, कारण साहेब प्रामाणिक होते आणि त्यांनी ते खोडू दिलं नाही. ते तसेच पडल्या पडल्या छताकडे पाहत म्हणाले की, मुद्दा लक्षात आला. मग त्यांना शिंक आली.

माळरानाच्या बाई उठून उभ्याच राहिल्या. त्यांचा विजय झाला होता. रेषा बरोबर ठरली, मूळ मोजणी निर्दोष ठरली, म्हणजे आता झाडांनी हटायचं. त्यांनी माझ्याकडे नोटिसा लावल्या का म्हणून विचारलं. मी त्यांच्या पाठीवरचे आकडे दाखवले. बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या, आणि त्या सासऱ्यांकडे वळल्या, आता तुम्हीच सांगा म्हणून. त्यांना वाटलं, ज्याची रेषा तो रेषेसाठी भांडेल. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. चार दिवस अळणी जेवलेला माणूस जिंकल्यावर आणखी काय करणार?

सासऱ्यांनी टेप गुंडाळला, सावकाश. मग म्हणाले, “रेषा बरोबर होती. आता चूक आहे. ती पुसा.”

बाहेर किटली उकळून उकळून बंद झाली. ते पुढे म्हणाले की, त्यांच्याकडून एक गोष्ट राहून गेली होती. नकाशावर त्यांनी रेषा काढली, खाली सही केली, पण रेषेवर वर्ष घातलं नाही. तेव्हा वाटलं नाही घालावं असं. डोंगरावर कोण वर्ष घालतं? वर्ष घातलं असतं तर आज कुणीच भांडलं नसतं. साहेबांनी टेबलावरूनच विचारलं की, मग नवी रेषा काढली तर ती किती वर्षं बरोबर राहील. सासरे म्हणाले, मोजली त्या दिवशी बरोबर असेल. पुढचं झाडांना विचारा.

बाईंचं समाधान व्हायला आणखी दोन बैठका लागल्या. शेवटी असं ठरलं की, नकाशावर दोन्ही रेषा राहतील, प्रत्येकीवर वर्ष असेल, आणि दर दहा वर्षांनी पुन्हा मोजायचं. मधल्या पट्ट्यात दोन्ही विभागांनी मिळून पाहायचं. दोन्ही विभागांनी मिळून आजवर फक्त किटली पाहिली होती, आणि तिचंही झाकण हरवलं होतं. पण ते असो. अहवालाचं शीर्षक साहेबांनी स्वतः बदललं. वर, शेवटच्या थांब्याच्या पुढे, ते आमच्याबरोबर एकदा आलेही. नाकाला रुमाल बांधून. निजलेल्या झाडापाशी ते बराच वेळ उकिडवे बसले होते. उठताना त्यांनी त्याला चुकून ‘माफ करा’ म्हटलं, असं सासरे सांगतात. मी ऐकलं नाही.

उन्हाळाभर मी आणि सासऱ्यांनी नवी रेषा मोजली. ते हंगामी मदतनीस म्हणून होते, टेपचं दुसरं टोक धरायला. या वेळी खुंट लाकडाचे होते, कारण लोखंडाचा खुंट ठोकला की माणसाला वाटतं काम कायमचं झालं, असं त्यांनीच साहेबांना लिहून दिलं होतं. वाटेत बडबड अखंड. चार दिवसांचा उपास दोन महिने फेडत होते. मात्र जुन्या खुंटांपैकी एकही त्यांनी उपटू दिला नाही.

शेवटच्या दिवशी, शेवटच्या खुंटाच्या पुढे, उघड्या माळावर एकटं एक झाड होतं. वाऱ्यानं जरा पूर्वेला झुकलेलं, शेंड्याला कोवळी पालवी. मी मोजलं. एक मीटर अठ्ठ्याण्णव. मी वहीत ‘झुडूप’ लिहायला लागले, तर सासरे तिथेच घुटमळत होते. मग खाकरले. म्हणाले, वाकलंय ते. सरळ केलं तर कदाचित भरेल.

मी पेन्सिल थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. ते दूरच्या एका तळ्याकडे पाहत होते.

“बाबा, नियम आहे,” मी म्हटलं.

“मी आपलं विचारलं,” ते म्हणाले, आणि टेप गुंडाळायला लागले. मी झुडूपच लिहिलं. पण उतरायला लागल्यावर दोनदा मागे वळून पाहिलं. त्यांनी किती वेळा पाहिलं ते मोजलं नाही.

आम्ही खाली पोचलो तेव्हा बसची वेळ होऊन बारा मिनिटं झाली होती. नवऱ्यानं बस थांबवून ठेवली होती आणि आतले प्रवासी आमच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं पाहत होते. सासऱ्यांनी उशिराबद्दल सगळ्यांची रीतसर माफी मागितली. मग उशीर का झाला हे सांगायला सुरुवात केली, आणि ती निजलेल्या झाडापासून केली. अकरा किलोमीटर संपले तेव्हा ते तेविसाव्या खुंटापाशी होते. बसचा दरवाजा उघडला तरी लोक उतरायला धजेनात, कारण सासरे दारातच उभे राहून सांगत होते. नवरा सांगतो, तेव्हापासून शेवटच्या थांब्यावर लोक बसमध्ये चढायच्या आधी खिडकीतून बघतात, दोनमीटर आत आहेत का. असले तर पुढच्या बसनं येतात. पुढची बस दोन तासांनी असते.